सकल संतांची पूर्वरात्र आणि घरचा खाऊ

ऑक्टोबर महिना सरत आला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांची छायाचित्रे येऊ लागतात. कुणी चेटकिणीची उंच टोपी घातलेली असते, कुणी हाडांच्या सापळ्याचे चित्र असलेला अंगरखा चढवलेला असतो. हातात मात्र सर्वांच्या एकच वस्तू असते : खाऊ मागण्याची पिशवी किंवा भोपळ्याच्या आकाराची लहानशी बादली. आजी-आजोबांना कौतुक वाटते आणि त्याबरोबर मनात एक शंकाही डोकावते. 'फादर, हा सैतानाचा सण म्हणतात, ते खरे का?' हा प्रश्न कोणत्याही धर्मगुरूला नवा नाही. 'हॅलोविन'चा इतिहास असा आहे की त्याचे उत्तर एका शब्दात देऊ गेल्यास अन्याय होतो. म्हणून तो इतिहास त्या पिशवीतल्या खाऊच्या अंगाने सांगावा असे वाटते. वेशभूषा, भुतेखेते आणि कोरलेले भोपळे ही मंडळी मागाहून आली. दारोदार वाटला जाणारा खाऊ त्यांच्याआधीचा आहे आणि त्याचा उगम आपल्या ख्रिस्तसभेच्याच अंगणात आहे.

प्रथम नावाविषयी. 'हॅलो' हा संत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आणि 'ईव्हन' म्हणजे संध्याकाळ. सकल संतांच्या सणाची आदली संध्याकाळ ती 'ऑल हॅलोज ईव्हन', आणि तिचाच अपभ्रंश हॅलोविन. मोठा सण आदल्या संध्याकाळपासून मोजण्याची ख्रिस्तसभेची रीत आपण नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आणि पुनरुत्थानाच्या जागरणविधीला आजही पाळतो. ३१ ऑक्टोबरची रात्र ही त्याच कुळातली.

सकल संतांचा सण एकाएकी १ नोव्हेंबरला येऊन बसलेला नाही. पोप चौथे बोनिफास यांनी इसवी सन ६०९ च्या सुमारास रोममधील पँथिऑन हे पुरातन देवालय पवित्र मरिया आणि सर्व हुतात्मे यांना समर्पित केले, ते १३ मे रोजी. पुढे तिसरे ग्रेगरी (७३१ ते ७४१) यांनी संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या अवशेषांसाठी एक प्रार्थनालय उभारले. ८३५ मध्ये चौथे ग्रेगरी यांच्या आग्रहावरून सम्राट लुई याने आपल्या फ्रँक साम्राज्यात १ नोव्हेंबर ही तारीख रूढ केली.

इथे बहुतेक लेखक आयर्लंडच्या केल्टिक लोकांचा 'साउइन' हा हिवाळ्याच्या आरंभीचा उत्सव पुढे आणतात आणि ख्रिस्तसभेने त्यावर आपला सण बेतला, असे ठामपणे सांगतात. काही पत्रकांतून तर साउइन हा मृत्यूचा देव होता असेही छापून येते. असा देव कधी नव्हता. साउइन हे ऋतुबदलाचे नाव आहे. कुरणांतली गुरे त्या सुमारास गोठ्याकडे परत येत आणि सुगीचे काम संपलेले असे. तो मृतांचा सण होता याला ख्रिस्तपूर्व काळातला भक्कम पुरावा नाही, हे रोनाल्ड हटन या इंग्रज इतिहासकाराने १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. गंमत अशी की, खुद्द आयर्लंडच्या जुन्या संतनामावलीत सकल संतांचा सण २० एप्रिलला नोंदलेला आढळतो. आयरिश लोकांच्या उत्सवावरून तारीख उचलली असती तर आयरिश मठवासीच एप्रिलमध्ये सण का पाळत होते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्या ऋतूतल्या शेकोट्या, शकुन पाहणे, भुतांच्या गोष्टी हे सारे लोकजीवनातून या रात्रीला चिकटले, यात शंका नाही. परंतु चिकटणे वेगळे आणि मूळ असणे वेगळे.

खाऊची कथा सुरू होते ती दुसऱ्या दिवसापासून. फ्रान्समधील क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या अधिकाराखालील सर्व मठांत २ नोव्हेंबर हा सकल मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवून दिला. प्रार्थना, मिस्सा आणि गोरगरिबांना दानधर्म अशी त्या दिवसाची तीन अंगे होती. शुद्धिस्थानातील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा आधार होतो, ही आपली श्रद्धा. मग ज्याला स्वतःला फार प्रार्थना जमत नाही त्याने काय करावे? त्याने भाकर द्यावी आणि घेणाऱ्याने प्रार्थना करावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात लिलशॉलच्या मठात जॉन मर्क नावाचे धर्मगुरू होते. सणासुदीला गावच्या पाळकांनी द्यावयाच्या प्रवचनांचा त्यांनी एक संग्रह केला. त्यात ते सांगतात की पूर्वी भले स्त्री-पुरुष या दिवशी भाकरी विकत घेऊन आपल्या प्रिय मृतांच्या आत्म्यांसाठी वाटीत असत. 'पूर्वी' हा शब्द लक्षात घ्यावा. सहाशे वर्षांपूर्वीचा प्रवचनकारही ही जुनी चाल मागे पडत असल्याचे सुचवतो!

या भाकरीचे पुढे मसालेदार गोड वडीत रूपांतर झाले. इंग्रजीत तिला 'सोल केक' म्हणत, म्हणजे आत्म्यासाठी दिलेला केक. जायफळ, दालचिनी, सुंठ असले मसाले, मनुका आणि वर क्रूसाची खूण. गरीब माणसे आणि मुले दारोदार जात, गाणे म्हणत, केक घेत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. हा प्रकार इतका सर्वपरिचित होता की शेक्सपिअरने 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकात प्रेमात पडलेल्या तरुणाच्या रडक्या बोलण्याला सकल संतांच्या सणाला भीक मागणाऱ्याची उपमा दिली आहे.

या व्यवहारात घेणारा लाचार नव्हता. त्याच्याजवळ देण्यासारखे काहीतरी होते. श्रीमंताच्या घरी पीठ, लोणी आणि मसाला असे, पण त्याच्या मेलेल्या बापासाठी वेळ काढून 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणणारा माणूस दाराबाहेर उभा असे. उंबरठ्यावर एका हाताने केक जाई आणि दुसऱ्या बाजूने प्रार्थना येई.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने इंग्लंडात याचा पायाच काढून घेतला. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या आणि शुद्धिस्थानाची शिकवण अधिकृतपणे नाकारण्यात आली. केक मात्र उरला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ऑब्री नावाच्या संशोधकाने श्रॉपशरमधील घरांत मृतांच्या दिवशी मेजावर केकची रास मांडलेली असते आणि जवळजवळ प्रत्येक पाहुणा त्यातला एक उचलतो, असे टिपून ठेवले. ती रास त्याला जुन्या बायबलच्या चित्रांतील समर्पित भाकरींसारखी वाटली. चेशर परगण्यातील टॅटनहॉल येथे एका अँग्लिकन पाळकाने १८९१ मध्ये शाळेतल्या एका चिमुरडीकडून हे केक मागण्याचे गाणे उतरवून घेतले. प्रार्थनेला बंदी होऊन साडेतीनशे वर्षे होत आली होती. कुणासाठी मागतो याचा मुलांना विसर पडला होता, पण मागणे चालूच होते.

आयर्लंड कॅथलिक राहिले आणि तिथे या रात्रीचे जेवणही कॅथलिक राहिले. सणाचा पूर्वदिन हा उपवासाचा आणि मांसवर्जनाचा दिवस. म्हणून हॅलोविनचे जुने पदार्थ पाहिले तर ते सारे शेताचे आणि बागेचे आहेत. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात कोबी किंवा केलची पाने आणि मधोमध खळगा करून त्यात लोणी, हे 'कोलकॅनन'. मनुका घातलेला गोड पाव तो 'बार्मब्रॅक'. त्याच्या पोटात अंगठी, नाणे, चिंधी दडवायची. अंगठी मिळेल त्याचे लग्न, नाणे मिळेल त्याला पैसा, चिंधी मिळेल त्याला दारिद्र्य! सफरचंदे दोरीला टांगून किंवा पाण्याच्या टोपात सोडून हात न लावता दातांनी धरायची. उत्तर इंग्लंडात तर या रात्रीला 'अक्रोड फोडण्याची रात्र' अशा अर्थाचे नाव होते. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघर अधिक कल्पक होते, हे आपल्या बायकांना सांगायला नको.

१८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली, त्यांतली पुष्कळ अमेरिकेला. त्यांच्या आणि स्कॉटिश लोकांच्या बरोबर ही रात्रही समुद्रापार गेली. घरी सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत लाल भोपळा मुबलक आणि कोरायला मऊ, म्हणून त्याला हा मान मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हॅलोविन हा अमेरिकेचा घरगुती शरदोत्सव झाला. लिन या गावच्या रूथ एडना केली या ग्रंथपाल बाईंनी १९१९ मध्ये त्याच्या चालीरीतींवर इतिहासाचे पुस्तकही लिहिले.

त्या काळचा खाऊ घरचाच. मक्याच्या लाह्या फोडायच्या, काकवी किंवा साखरेचा घट्ट पाक त्यांवर ओतायचा आणि हाताला लोणी लावून गरम असतानाच गोळे वळायचे. आपल्याकडे गुळाच्या पाकात चुरमुऱ्याचे लाडू वळतात तेच तंत्र, तोच हाताला बसणारा चटका. काडीला खोचून पाकात बुडवलेली सफरचंदे, सुंठेची बिस्किटे, तळलेले डोनट आणि सफरचंदाचा ताजा रस.

परंतु या रात्रीला दांडगाईही होती. शिमग्याला आपल्याकडे लाकडे, खाटा, फाटके पळवतात, तसाच प्रकार. मिनेसोटा राज्यात रम नदी जिथे मिसिसिपीला मिळते तिथे अनोका नावाचे गाव आहे. तिथली पोरे हॅलोविनच्या रात्री गायी मुख्य रस्त्यावर मोकळ्या सोडीत, दुकानांच्या काचांना साबण फाशीत आणि परसातले संडास उलटे करीत. १९२० मध्ये गावच्या प्रमुख मंडळींनी यावर उपाय शोधला. पोलिसांकडे धाव न घेता त्यांनी मिरवणूक काढली. हजाराहून अधिक मुले वेष करून गावातून चालली. शेवटी त्यांना लाह्या, शेंगदाणे आणि मिठाई वाटली आणि रस्त्यातच मोठी शेकोटी पेटवली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ आणि १९४३ ही दोन वर्षे सोडली तर त्या पिढीने हा नेम मोडला नाही. १९३७ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाने वॉशिंग्टनला जाऊन आपले गाव 'हॅलोविनची जागतिक राजधानी' असल्याची घोषणा करावी, अशी विनंती केली. अनोका आजही ते बिरुद मिरवते. पोरांचा उपद्रव थांबवायचा असेल तर त्यांना गावाच्या कार्यात मानाची जागा द्यावी, हे शहाणपण त्या व्यापाऱ्यांना आणि शिक्षकांना कुठल्या ग्रंथात सापडले नव्हते.

ज्या गावांत असे काही झाले नाही तिथे घराघराने आपापला तह केला. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' या अर्थाचा 'ट्रिक ऑर ट्रीट' हा शब्दप्रयोग १९२७ मध्ये कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या वर्तमानपत्रात दिसतो. युद्धातले साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले आणि त्यानंतर ही चाल सर्वत्र पसरली. प्रार्थनेच्या मोबदल्यात मिळणारा केक आता गमतीच्या धमकीवर मिळू लागला. तरीही त्या दारातले मूळचे पुण्य अधूनमधून डोके वर काढते. १९५० मध्ये फिलाडेल्फियात ॲलिसन नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकाने आणि त्याच्या पत्नीने मुलांना दुधाचे रिकामे खोके देऊन खाऊऐवजी 'युनिसेफ'साठी नाणी मागायला धाडले. पहिल्या वर्षी सतरा डॉलर जमले. पुढे त्यातून जगभरच्या मुलांसाठी कोट्यवधी डॉलर उभे राहिले.

आता कथेतला कटू भाग. आज अमेरिकेत कुणी शेजारणीने घरी वळलेला लाह्यांचा लाडू मुलाच्या पिशवीत घातला तर बहुतेक आया तो मुकाट्याने कचऱ्यात टाकतात. कारखान्यात बंद केलेल्या वेष्टनातलीच मिठाई चालते. यामागे सोयीचा भाग आहे, मिठाईवाल्यांच्या जाहिरातींचा आहे, पण मोठा भाग भीतीचा आहे. सफरचंदात दाढीचे पाते, गोळीत विष, अशा अफवा १९६० नंतर दरवर्षी उठत. १९७४ मध्ये टेक्सास राज्यात हॅलोविनच्या रात्री आठ वर्षांचा एक मुलगा खरोखरच सायनाइडने मेला. तपासात निघाले की विष त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशासाठी दिले होते. त्या बापाला १९८४ मध्ये देहदंड झाला. १९८२ मध्ये शिकागो परिसरात डोकेदुखीवरील 'टायलेनॉल' औषधाच्या गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली. त्या वर्षीच्या हॅलोविनवर या प्रकाराची दाट छाया पडली. त्या काळात काही इस्पितळे मुलांच्या खाऊच्या पिशव्या क्ष-किरणांखाली तपासून देऊ लागली.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने गेराल्ड होरिउची या सहकाऱ्याबरोबर १९५८ पासूनची वर्तमानपत्रे चाळून १९८५ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हॅलोविनच्या खाऊतून अनोळखी माणसाने एखाद्या मुलाचा जीव घेतल्याची किंवा त्याला गंभीर इजा केल्याची एकही घटना त्यांना सापडली नाही. मला यातली आणखी एक गोष्ट विलक्षण वाटते. टेक्सासमधले विष होते बाजारातून आणलेल्या तयार मिठाईच्या नळीत. शिकागोतले होते दुकानाच्या फळीवरच्या औषधाच्या बाटलीत. दोन्ही वेळा कारखान्यात भरलेल्या मालात विष कालवले गेले आणि दोन्ही वेळा शिक्षा झाली ती शेजारणीच्या स्वयंपाकघराला. तिच्या कढईत काहीच नव्हते.

मुले मात्र सणाला बाहेर पडणारच. म्हणून १९९० च्या दशकापासून अमेरिकेतील अनेक ख्रिस्तमंदिरांच्या आवारात नवी प्रथा सुरू झाली. ओळखीची कुटुंबे आपापल्या मोटारी रांगेने उभ्या करतात, मागची डिकी उघडून सजवतात आणि मुले एका डिकीपासून दुसऱ्या डिकीपर्यंत खाऊ गोळा करीत जातात. सुरक्षित आहे, लहान मुलांच्या आयांना सोयीचे आहे. ज्या उपनगरांत घरे विरळ आणि रस्ते अंधारे, तिथे तर हा उपकारच. परंतु ज्याच्या दारात कधी कुणी जात नाही असा म्हातारा विधुर, तो या रांगेत मोटार घेऊन येत नाही. पूर्वी मुले त्याच्याकडे जात असत.

आपल्या ख्रिस्तसभेकडेही या प्रकरणी थोडे बोट जाते. पोप बारावे पायस यांच्या काळात १९५५ मध्ये उपासनाविधींचे सुलभीकरण झाले, त्यात सकल संतांच्या सणाचा पूर्वदिन आणि अष्टदिन दोन्ही रद्द झाले. पंचांग फार गजबजले होते, धर्मगुरूंवर प्रार्थनांचा भार होता, ही कारणे सयुक्तिकच होती. पण उपवास गेला, खास मिस्सा गेली आणि ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ उपासनेच्या दृष्टीने रिकामी पडली. रिकाम्या खोलीत बाजाराने दुकान थाटले, तेव्हा आपण तक्रार करू लागलो. पॅरिस धर्मप्रांताने २००२ पासून त्या संध्याकाळी मुलांना संतांच्या वेषात मंदिरात बोलावण्यास आरंभ केला आणि ही चाल इतर देशांतही गेली. मला ती आवडते. फक्त तिथेही खाऊ बहुधा वेष्टनातलाच असतो.

ज्या पोर्तुगालमधून मिशनरी आपल्या किनाऱ्यावर उतरले तिथे १ नोव्हेंबरच्या सकाळी मुले पिशव्या घेऊन 'पाँव पोर देउश', म्हणजे 'देवासाठी भाकर', मागत फिरतात. १७५५ मध्ये याच दिवशी सकाळी, लोक मिस्साला गेलेले असताना, लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. शहर कोसळले, मग आग आणि समुद्राच्या लाटा. त्या आपत्तीनंतर दारोदार भाकर मागण्याच्या या चालीला बळ आले, असे तिथे सांगतात. मेक्सिकोत मृतांच्या दिवसांसाठी खास गोड पाव भाजतात आणि त्यावर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या बसवतात. तो मृतांच्या छायाचित्रांपुढे मांडतात आणि नंतर घरची व शेजारची माणसे मिळून खातात. मृत्यूचे भय घालवण्याची ही रीत मला कागदी सापळ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरी फुलांनी झाकतात, धर्मगुरू आशीर्वादाचे पाणी शिंपडत जातो. बहुतेक वर्षी त्याच्या आगेमागेच दिवाळी येते आणि शेजारच्या घरून चकल्या-करंज्यांचे ताट रुमालाखाली झाकून आपल्या दारी येते. ते कुणी क्ष-किरणांखाली धरीत नाही. नाताळात ते ताट आपल्या गोडाने भरून परत जाते. परदेशातल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत.

त्यांच्यापैकी कुणाला सोल केक करून पाहायचा असेल तर कृती सोपी आहे. पावणेदोनशे ग्रॅम लोणी तितक्याच पिठीसाखरेत फेटून हलके करावे आणि तीन अंड्यांचा पिवळा बलक एकेक करून मिसळावा. साडेचारशे ग्रॅम मैद्यात दोन चमचे दालचिनी-जायफळ-सुंठेची पूड आणि मूठ-दोन मुठी काळ्या मनुका घालून ते त्यात कालवावे. लागेल तसे दूध घेऊन मऊ गोळा करावा, जाडसर लाटून वाटीने गोल कापावेत आणि प्रत्येकावर सुरीने क्रूस उमटवावा. १८० अंशांवर पंधरा मिनिटे भाजले की सोनेरी होतात. शेजारी अंडे न खाणारे असतील तर बलकाऐवजी थोडे अधिक दूध घालावे. केक जरा ठिसूळ होतो, इतकेच.